पेशींतील डागडुजी व तिचें मोजमाप

पुणें शहराची मूळ वस्ती म्हणजे कसबा पेठ. ग्रामदैवत कसबा गणपति व लाल महाल याच पेठेंतले, आणि तांबट आळीहि याच पेठेंतली. पेशवाईपासून नांवारूपास आलेल्या या आळींत तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा नाद पिढ्यान् पिढ्या घुमत आला आहे. नवें भांडें घडवून त्यावर मठारकाम करणें हें तांबटाचें मुख्य काम खरें. परंतु जुन्या संसारांना त्याची आठवण होई ती मोडतोडीच्या वेळीं. घागर झिरपूं लागली किंवा बंबाचा तळ गेला, म्हणजे तांबट आधीं गळती कोठें आहे तें पाही, खराब झालेला भाग कापून काढी, त्या मापाचा नवा पत्रा बसवी आणि कडांना डाक देऊन सांधा बंद करी. पाहणें, कापणें, भरणें व सांधणें, अशीं हीं चार कामें.

मनुष्याच्या शरीरांतहि याच चार कामांचा एक कारखाना अहोरात्र चालू असतो. पेशीच्या केंद्रांत डी. एन. ए. नांवाचा अतिशय बारीक असा दुपेडी धागा असतो. एका पेशींतील सारा धागा उलगडून सरळ केला, तर त्याची लांबी सुमारें दोन मीटर भरेल. शरीर कसें घडवावें व कसें चालवावें याचा लेख या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांनीं लिहिलेला आहे. या लेखांत रोज बिघाड होत असतो. सूर्याचे जंबुपार किरण, क्ष-किरण, तंबाखूच्या धुरांतील द्रव्यें हीं त्यास कारण होतातच. परंतु बाहेरचा कोणताहि शत्रु नसतांना, केवळ शरीराच्या उबेनें व पाण्यानेंहि एका पेशींत दररोज सुमारें दहा हजार अक्षरें गळून पडतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. हा बिघाड दुरुस्त करणारे कारागीर म्हणजे विशिष्ट एन्झाइमें, ज्यांस मराठींत विकरें म्हणतात. कोणी बिघाड हेरतें, कोणी तुकडा कापतें, कोणी नवीं अक्षरें भरतें, तर कोणी सांधा जोडतें. त्यांच्या हातून सुटलेल्या बिघाडांतूनच पुष्कळदां पेशी बेताल वाढूं लागते व कर्करोगाचें बीज पडतें.

मौज अशी कीं, शरीराचें रक्षण करणारे हेच कारागीर पुढें रोग्याचे वैरीहि होऊं शकतात. कर्करोगावरील पुष्कळ औषधें आणि किरणांचा उपचार, हीं रोगट पेशीचा डी. एन. ए. मोडूनच तिला मारतात. त्या पेशींतील कारागीर तरबेज असले, तर झालेली मोडतोड निस्तरून ती पुन्हां उभी राहते. ते दुबळे असले, तर ती मरते. दोन रोगी एकाच रोगाचे, औषध एकच, मात्राहि एकच. तरी एकास गुण येतो आणि दुसऱ्याच्या वांट्यास केवळ उलट्या व अशक्तपणा येतो. या भेदाचें एक कारण पेशींतील डागडुजींत आहे. म्हणून रोगट पेशींतील दुरुस्तीचीं एन्झाइमें किती काम करतात, तें मोजण्याची विद्या केवळ पंडितांच्या कुतूहलाची राहिली नाहीं. ती कशी घडली, हें पाहण्यासारखें आहे.

या इतिहासाचा आरंभ १९४९ सालीं झाला. अमेरिकेंत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेंत आल्बर्ट केल्नर हे जंबुपार किरणांनीं सूक्ष्म जीव मारण्याचे प्रयोग करीत होते. एकाच मात्रेचे किरण देऊनहि कधीं थोडे जीव वांचत, तर कधीं फार. उष्णतामानांतील फरकानें असें होत असावें, असा त्यांचा प्रथम तर्क होता. पण तो टिकला नाहीं. अखेर ध्यानांत आलें कीं, जीं पात्रें साध्या उजेडांत राहिलीं त्यांतील जीव वांचले होते, आणि अंधारांतले मेले होते. त्याच वर्षीं रेनातो डुल्बेको यांनाहि जंतुभक्षक विषाणूंवरील प्रयोगांत हेंच आढळून आलें. एका किरणानें केलेली इजा दुसऱ्या प्रकाशानें भरून येते, ही गोष्ट त्या काळीं अद्भुतच होती.

परंतु अद्भुत दिसणें निराळें आणि मोजणें निराळें. मोजण्याचा मान बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील रूपर्ट व त्यांचे सहकारी यांच्याकडे जातो. एका जंतूचा डी. एन. ए. दुसऱ्या जंतूंत शिरला तर त्याचा गुणहि त्यांत उतरतो, हें तोंवर ठाऊक झालें होतें. औषधास दाद न देण्याचा गुण असलेला असा डी. एन. ए. त्यांनीं घेतला व तो जंबुपार किरणांनीं बिघडविला. गुण उतरविण्याची त्याची शक्ति बहुतेक नाहींशी झाली. मग त्यांत जंतूंचा अर्क मिसळून तें मिश्रण उजेडांत ठेवलें, तों गेलेली शक्ति परत येऊं लागली. अंधारांत ती येईना. किती वेळांत किती शक्ति परतली, यावरून अर्कांतील एन्झाइमाचें बळ आंकड्यांत सांगतां येऊं लागलें. हा शोध १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. डी. एन. ए. दुरुस्त करणारें एन्झाइम जिवंत पेशीच्या बाहेर, कांचेच्या नळींत काम करतांना पकडलें गेलें तें असें.

या प्रयोगाची घडण श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील बहुतेक सर्व मोजमापें याच घडणीचीं आहेत. बिघाड कोणता व किती, हें आधीं ठाऊक असावें. पेशी फोडून काढलेला अर्क मोजून घ्यावा. उष्णतामान व वेळ ठरलेली असावी. अर्काशिवाय आणि उकळून निकामी केलेल्या अर्कासह तोच प्रयोग शेजारीं करून पाहावा, म्हणजे आपोआप होणारा फरक एन्झाइमाच्या नांवावर जमा होत नाहीं. शेवटीं आलेला आंकडा अर्कांतील प्रथिनाच्या वजनानें भागावा. हा भागाकार केला नाहीं, तर मोठ्या तुकड्यांत एन्झाइम जास्त आणि लहान तुकड्यांत कमी, असें पोरकट अनुमान निघेल.

हेंच मनुष्याच्या पेशींत करावयाचें, तर त्या पेशी शरीराबाहेर जिवंत राखतां व वाढवितां आल्या पाहिजेत. ही विद्या भारतांत रुजविण्याचें श्रेय पुण्यांत जन्मलेल्या एका स्त्रीकडे जातें.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं पुण्यास झाला. त्यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. मुलीनें डॉक्टर व्हावें व डॉक्टराच्या घरीं पडावें, अशी वडिलांची इच्छा होती. मुलगी हुजूरपागेंत शिकली, फर्ग्युसनमध्यें पदवीधर झाली, आणि वैद्यकाकडे न जातां तिनें जीवशास्त्रच धरलें. पुण्याच्या कृषि महाविद्यालयांत त्यांनीं सीताफळाच्या कुलांतील वनस्पतींच्या पेशींचा व गुणसूत्रांचा अभ्यास केला. १९३९ सालीं गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईस आल्या.

मुंबईंत परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें होतें. तेथील विकृतिशास्त्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मोठ्या दृष्टीचे पुरुष. कर्करोग केवळ कापावयाचा रोग नसून अभ्यासावयाचाहि आहे, ही जाणीव त्यांनीं येथें रुजविली. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं कमल रणदिवे यांनीं १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढें त्या अमेरिकेंत, ज्या जॉन्स हॉपकिन्सचा उल्लेख वर आला, तेथेंच जॉर्ज गे यांच्या हाताखालीं पेशीसंवर्धन शिकण्यास गेल्या.

गे यांच्या प्रयोगशाळेचें नांव पुढें जगभर झालें तें एका करुण प्रसंगामुळें. १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स नांवाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखावरील गांठीचा तुकडा तेथें आला. तिची संमति कोणी विचारली नव्हती. ४ ऑक्टोबर १९५१ रोजीं ती बाई वारली. तिच्या पेशी मात्र कांचपात्रांत वाढतच राहिल्या. मनुष्याच्या शरीराबाहेर अखंड वाढणारा पेशींचा तो पहिला वंश. हेला या नांवानें तो आजहि जगांतील असंख्य प्रयोगशाळांत वाढत आहे. या पेशींवर शास्त्रज्ञांनीं कीर्ति मिळविली, कारखानदारांनीं पैसा मिळविला. आणि खुद्द तिच्या मुलांबाळांस वीस वर्षांहून अधिक काळ याची वार्ताहि नव्हती. पेशींच्या मोजमापाचा इतिहास सांगतांना हें ऋण विसरतां कामा नये.

डॉ. रणदिवे स्वदेशीं परतल्या. १९५२ सालीं खानोलकर यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईंत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालें होतें. तेथें त्यांनीं भारतांतील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. आज हें वाक्य लिहिणें सोपें आहे. पण ज्या पात्रांत पेशी वाढवावयाच्या त्यांत एक जंतु शिरला तरी आठवड्यांचें काम फुकट जातें. पेशींना द्यावयाचें अन्न, त्यांची ऊब, त्यांच्या भोंवतीची हवा, यांत थोडाहि फरक चालत नाहीं. हें सारें मुंबईच्या दमट हवेंत, साधनांची वाण असतांना साधावयाचें होतें. याच प्रयोगशाळेंत त्यांनीं उंदरांवर व पेशींवर काम करून स्तनाच्या कर्करोगाचा विचार केला, आणि या रोगाचा अनुवंशाशीं संबंध असावा, असें म्हणणाऱ्या भारतांतील पहिल्या संशोधकांत त्यांची गणना झाली. या विचाराची पुढील कथा डी. एन. ए. च्या डागडुजीशींच येऊन मिळते.

दरम्यान अमेरिकेंत मानवी पेशींतील डागडुजी डोळ्यांस दिसूं लागली होती. १९६४ च्या सुमारास सेटलो व कॅरियर, बॉयस व हॉवर्ड-फ्लँडर्स, तसेंच पेटीजॉन व हानावाल्ट यांनीं जंतूंत असें दाखविलें कीं, बिघडलेला तुकडा कापला जातो व त्या जागीं नवा भरला जातो. त्याच वर्षीं रासमुसेन व पेंटर यांनीं सस्तन प्राण्यांच्या पेशींत हेंच पाहिलें. त्यांची युक्ति सोपी व नामी होती. डी. एन. ए. चें एक अक्षर किरणोत्सर्गी करून पेशींना खाऊं घालावयाचें, पेशींवर जंबुपार किरण सोडावयाचे, आणि मग त्यांवर छायाचित्राचा लेप देऊन त्या अंधारांत ठेवावयाच्या. जेथें नवें अक्षर भरलें गेलें, तेथें लेपावर काळा कण उमटतो. केंद्रांतील कण मोजले, कीं किती ठिगळें बसलीं हें समजतें. तांबट आळींतला जाणता माणूस जुन्या घागरीवरचे डाक मोजून तिचें आयुष्य सांगेल, तसाच हा प्रकार.

या युक्तीचें खरें मोल जेम्स क्लीव्हर यांनीं दाखवून दिलें. सॅन फ्रान्सिस्को येथें काम करीत असतां त्यांच्या वाचनांत एका दुर्मिळ अनुवंशिक रोगाची माहिती आली. त्या रोगाच्या मुलांना ऊन सोसत नाहीं. त्वचा कोरडी व डागाळलेली होते आणि लहान वयांतच त्वचेचे कर्करोग होतात. क्लीव्हर यांनीं अशा रोग्यांच्या त्वचेच्या पेशी वाढवून त्यांवर किरण सोडले व कण मोजले. निरोगी पेशींत जेथें कण दाट उमटले, तेथें या पेशींत ते फारच थोडे होते. १९६८ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: या मुलांच्या पेशींत डागडुजीच होत नाहीं, अथवा फार थोडी होते. डी. एन. ए. ची दुरुस्ती व कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध मनुष्यांत उघड झाला तो येथें.

यानंतर एकेक एन्झाइम निराळें ओळखून मोजण्याचें युग आलें. स्वीडनचे टोमास लिंडाल यांनीं १९७४ सालीं चुकीचें एक विशिष्ट अक्षर छाटणारें एन्झाइम शोधलें. तें अक्षर किरणोत्सर्गी करून धाग्यांत बसवावयाचें, अर्क घालावयाचा, आणि किती अक्षरें सुटून पाण्यांत आलीं तें यंत्रावर मोजावयाचें, ही त्यांची रीत. लिंडाल, पॉल मॉडरिच व रूपर्ट यांचे शिष्य अझीझ संजार या तिघांस डी. एन. ए. दुरुस्तीच्या कार्याबद्दल २०१५ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

कर्करोगाच्या दृष्टीनें यांतील एक एन्झाइम फार विलक्षण आहे. कांहीं औषधें डी. एन. ए. च्या ग या अक्षरास एक घातक गांठ चिकटवितात. एम. जी. एम. टी. नांवाचें हें प्रथिन ती गांठ काढून स्वतःच्या अंगावर घेतें आणि त्यानंतर कायमचें निकामी होतें. एका रेणूचें काम एकदांच. म्हणून येथें वेग मोजावयाचा नसून संख्या मोजावयाची असते. किरणोत्सर्गी गांठी असलेला डी. एन. ए. घेऊन त्यांत गांठीच्या पेशींचा अर्क मिसळतात, आणि किती गांठी प्रथिनावर गेल्या तें मोजतात. जितक्या गेल्या, तितके रेणू होते. कांहीं मानवी गांठींच्या पेशींत हें प्रथिन मुळींच नसतें, असें १९८० च्या सुमारास दिसून आलें होतें. २००५ सालीं मेंदूच्या एका उग्र कर्करोगावरील मोठी चांचणी प्रसिद्ध झाली. ज्या रोग्यांच्या गांठींत या प्रथिनाचें जनुक मूक झालें होतें, त्यांपैकीं केवळ किरणोपचार घेणारांचें मध्यम आयुष्य १५.३ महिने, तर किरणांसह टेमोझोलोमाइड हें औषध घेणारांचें २१.७ महिने भरलें. जनुक जागें असलेल्यांस तितका लाभ झाला नाहीं. सहा महिने ही गोष्ट पंचांगांत लहान दिसते. ज्या घरांत मुलीचें लग्न ठरलें आहे, किंवा मुलाची परीक्षा तोंडावर आहे, त्या घरास तिचें मोल विचारावें.

मोजमापाची आणखी एक रीत दिसावयास सुंदर आहे. १९८४ सालीं स्वीडनमध्यें ती निघाली, आणि नरेंद्र सिंग यांनीं अमेरिकेंत १९८८ सालीं तिला आज रूढ असलेलें रूप दिलें. कांचेच्या पट्टीवर खळीसारख्या मऊ थरांत पेशी बसवितात, त्यांचीं आवरणें विरघळवितात व त्यांतून विजेचा प्रवाह सोडतात. अखंड डी. एन. ए. जागच्या जागीं राहतो. तुटलेले तुकडे एका बाजूस ओढले जातात. सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्येक पेशी शेंडेनक्षत्रासारखी दिसते. इजा केल्यावर लगेच शेंडा लांब असतो. अर्ध्या तासानें, तासानें तो आंखूड होत जातो. शेंडा किती लवकर आंखडतो, तीच डागडुजीची गति.

आतां अनुवंशाकडे वळावयाचें. १९९० सालीं मेरी-क्लेअर किंग यांनीं स्तनाच्या कर्करोगाचें एक अनुवंशिक कारण सतराव्या गुणसूत्रावर असल्याचें दाखविलें. १९९४ व १९९५ सालीं बी. आर. सी. ए. या नांवाचीं दोन जनुकें हातीं आलीं. डॉ. रणदिवे यांनीं ज्या संबंधाकडे बोट दाखविलें होतें, त्यास आतां नांव व ठिकाण मिळालें. आणि या जनुकांचें मुख्य काम काय, तर धाग्याचे दोन्ही पेड तुटले असतां ते बिनचूक जोडणें. म्हणजे घराण्यांत उतरणारा हा रोग मुळांत डागडुजीचाच दोष होता. एका पेडाची तूट निस्तरण्यासाठीं पार्प नांवाचें दुसरें एन्झाइम असतें. २००५ सालीं दोन निरनिराळ्या संशोधक-गटांनीं दाखविलें कीं, बी. आर. सी. ए. नसलेल्या पेशींत हें पार्पहि औषधानें अडविलें, तर त्या पेशी मरतात. त्याच स्त्रीच्या निरोगी पेशींत जनुकाची एक प्रत शाबूत असल्यामुळें त्या बहुतांशीं तगतात. २०१४ सालीं अशा पहिल्या औषधास मान्यता मिळाली. रोगाचा जो दोष, तोच रोगावरील शस्त्र झाला.

तरीहि या आंकड्यांपुढें मान तुकवितांना विवेक सोडूं नये. गांठीच्या तुकड्यांत रोगट पेशींबरोबर निरोगी पेशी व रक्तहि असतें. त्या सर्वांची बेरीजच अर्कांत उतरते. एकाच गांठीच्या दोन टोकांस निराळे आंकडे येऊं शकतात. कांचेच्या नळींत एन्झाइमानें दाखविलेलें बळ जिवंत पेशींत तितकेंच असेल असें नाहीं. म्हणून वैद्य या मापावर एकट्यावर विसंबत नाहीं. जनुकाची तपासणी, सूक्ष्मदर्शकाचा निर्वाळा व रोग्याची प्रकृति यांच्या पंक्तीस तें माप बसवितो.

मुंबईंतील संशोधन केंद्र व टाटा रुग्णालय हीं १९६६ सालीं एका छत्राखालीं आलीं, आणि कर्करोग संशोधनाचें मोठें काम पुढें नव्या मुंबईंत खारघर येथें गेलें. कर्करोग ज्या घराण्यांत पिढीजात आढळतो, त्यांच्या जनुकांचा अभ्यास तेथें होतो. पुण्यास गणेशखिंडींत विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथें मानवी व प्राणिज पेशींचे वंश जतन करून देशभरच्या प्रयोगशाळांस पुरविले जातात; हेलाहि त्यांत आहे. डॉ. रणदिवे यांनीं १९७३ सालीं सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापिली. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें, आणि २००१ सालीं त्या निवर्तल्या.

आपल्या समाजांत आजहि एखाद्या घरांत आजी, मावशी व मग आई स्तनाच्या रोगानें गेली, तर तें लपविण्याकडे कल असतो. मुलींचीं लग्नें अडतील ही भीति त्यामागें असते. वास्तविक हा दोष शापहि नव्हे व कलंकहि नव्हे. तो लेखांतील एका अक्षराचा दोष असूं शकतो. तो आईकडून जसा येतो तसा वडिलांकडूनहि येतो, आणि दोष असलेल्या आईबापाकडून प्रत्येक मुलास वा मुलीस तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. निम्म्यांस तो मिळत नाहीं, हेंहि त्याच हिशेबाचें दुसरें अंग आहे. ज्यांस मिळतो त्यांना वेळींच तपासणी करून घेतां येते, आणि रोग झालाच तर योग्य औषध निवडतां येतें. मात्र त्यासाठीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं कोण कशानें गेलें, हें वैद्यास मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. प्रयोगशाळेंतील मोजमापाची सुरुवात त्या एका उत्तरापासून होते.